विजेची अमानत

पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींमध्ये लोक एकमेकांचे भागीदार आहेत, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आली आहे. जुम्याच्या बयानात ती सांगितली की नंतर कोणी ना कोणी तरुण एक शंका हमखास विचारतो. आग जर सर्वांची, तर वीज ही आजच्या काळातील आगच नव्हे काय? मग खांबावरच्या तारेवर आकडा टाकून मळ्यात दोन दिवे लावले किंवा मोटार चालवली, तर चोरी नेमकी कोणाची झाली? विचारणारा निम्मा चेष्टेत असतो आणि निम्मा गंभीर. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या कसमादे पट्ट्यात कांदा विहिरीच्या पाण्यावर आणि विहीर विजेच्या मोटारीवर अवलंबून आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक घासापर्यंत या विजेची वाट जाते. ती वाट स्वच्छ आहे की नाही, हा हलाल-हरामचा प्रश्न होय.

या हदीसचा अर्थ लावताना हनफी फुकहांनी फार बारकाईने भेद केला आहे. मोकळ्या माळावर एखाद्याने शेकोटी पेटवली, तर तिच्या उजेडात बसण्यास, तिच्या उबेवर हात शेकण्यास, तिच्यावर आपली वात पेटवून घेण्यास तो कोणाला मनाई करू शकत नाही. मात्र शेकोटीतील निखारा उचलून नेण्याचा हक्क दुसऱ्याला नाही, कारण निखारा म्हणजे त्याचे लाकूड आणि लाकूड ही त्याची मालमत्ता आहे. पाण्याचेही तसेच. नदीचे पाणी सर्वांचे. पण कोणी ते घागरीत भरून घेतले की घागरीतले पाणी त्याचे. अशा प्रकारे एखादी मुक्त वस्तू आपल्या कष्टाने वा खर्चाने ताब्यात घेण्याला फिक्हच्या परिभाषेत ‘एहराज’ म्हणतात.

आता विजेकडे पाहा. नाशिकजवळ एकलहरे येथे 630 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे जळणारा कोळसा खाणीतून काढून रेल्वेने आणावा लागतो. एक युनिट वीज निर्माण होण्यासाठी साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा खर्ची पडतो. त्यानंतर मनोरे, उपकेंद्रे, तारा, रोहित्रे आणि पावसात खांबावर चढणारा वायरमन. एवढ्या खर्चातून व कष्टातून जी वस्तू मोजून-मापून आपल्या दारात येते, ती माळावरच्या शेकोटीचा उजेड नव्हे. तो निखाराच आहे. सर्वांची भागीदारी आहे ती सूर्यप्रकाशात आणि वाऱ्यात. तारेतील विजेत नाही.

सूरह यासीनच्या 80 व्या आयतीत अल्लाहने हिरव्या झाडापासून मानवासाठी आग निर्माण केल्याचा उल्लेख आहे. जुन्या मुफस्सिरांनी येथे अरबस्तानातील मर्ख आणि अफार या दोन झाडांची नावे दिली आहेत. त्यांच्या ओल्या फांद्या एकमेकींवर घासून ठिणगी काढली जाई. कोळसा हा कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचाच अवशेष आहे, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आयतीतून विज्ञानाचे शोध ओढूनताणून काढण्याची हौस मला पसंत नाही. तरीही दिव्याचे बटण दाबताना त्या हिरव्या झाडाची आठवण व्हावी, एवढे चिंतन मात्र अवश्य असावे.

सर्वांच्या मालातील चोरी

आकडा टाकणाऱ्याचा दुसरा युक्तिवाद असा, की वीज कंपनी शासनाची आहे, कोणा गरिबाचा गल्ला फोडलेला नाही. शरीअतच्या दृष्टीने ही सबब गुन्हा हलका करीत नाही. उलट जड करते. सामूहिक मालातून वाटणीपूर्वीच काही लपवून घेण्याला ‘गुलूल’ म्हणतात. सूरह आलि इमरानच्या 161 व्या आयतीत अशा माणसाने लपवलेली वस्तू कयामतच्या दिवशी त्याच्याबरोबर आणली जाईल, असे बजावले आहे. खैबरच्या मोहिमेनंतरचा प्रसंग बुखारी व मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची सेवा करणारा एक गुलाम बाण लागून मरण पावला. लोक त्याला शहादतीची मुबारकबाद देऊ लागले. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की वाटणीपूर्वी त्याने उचललेली चादर त्याच्यावर आग होऊन भडकत आहे. हे ऐकताच एक माणूस चपलेचा एक-दोन बंद घेऊन परत करायला आला. तोही आगीचाच बंद ठरला असता, असे त्याला सांगण्यात आले.

चादर आणि चपलेचा बंद! त्यांची किंमत ती काय? परंतु एका व्यक्तीचे पैसे घेतले तर तिच्या दारी जाऊन माफी मागता येते. सर्वांच्या मालातून घेतले तर किती दारे ठोठावणार? चोरीला गेलेल्या विजेचा तोटा शेवटी प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यांच्या दरात मिसळतो. त्यांत विधवा असते, रोजंदारीवरचा मजूर असतो, आपल्याच मोहल्ल्यातील शिलाई मशीनवर पोट भरणारी बहीण असते.

वीज कायदा 2003 च्या कलम 135 नुसार वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण येथे मला कायद्याच्या भीतीविषयी लिहावयाचे नाही. लग्नाच्या मंडपाला, मिलादच्या रोषणाईला अथवा जलशाच्या व्यासपीठाला जेव्हा आकड्याची वीज वापरली जाते, तेव्हा नात पढणाऱ्याच्या डोक्यावर चोरीचा दिवा जळत असतो. पुण्याच्या कामासाठी चालते, असे म्हणणाऱ्यांनी सहीह मुस्लिममधील त्या प्रवाशाची हदीस आठवावी, जो धुळीने माखलेला, आकाशाकडे हात उंचावून दुआ मागतो, परंतु ज्याचे खाणे, पिणे आणि वस्त्र हराममधून आलेले असते.

यातूनच एक मसला पुन्हा पुन्हा विचारला जातो. चोरीच्या विजेने उपसलेल्या पाण्याने वुजू होतो का? उत्तर असे: विहीर आपली असेल तर पाणी हडपलेले नाही, हडपली आहे ती वीज. म्हणून वुजू होतो, नमाजही होते, आणि चोरीचा गुनाह वेगळा शिल्लक राहतो. पाणीच हडपलेले असेल, तरीही हनफी व शाफिई मतानुसार वुजू होतो, परंतु करणारा गुनहगार ठरतो. हंबली मजहबमध्ये तर वुजूच होत नाही. नमाज झाली या शब्दांनी मात्र कोणी निश्चिंत होऊ नये. फर्ज डोक्यावरून उतरणे वेगळे आणि कबूल होणे वेगळे.

मग तौबा कशी करावी? केवळ आकडा काढून इस्तिगफार पढल्याने ती पूर्ण होत नाही, कारण हा बंद्यांचा हक्क आहे आणि तो परत करावा लागतो. मौलाना अशरफ अली थानवी (1863–1943) रेल्वेच्या प्रवासात सामान मर्यादेपेक्षा अधिक असले, की ते तोलून त्याचे भाडे भरत. ज्यांच्याकडून पूर्वी विनातिकीट प्रवास घडला, त्यांनी तेवढ्या रकमेचे तिकीट काढून ते फाडून टाकावे, म्हणजे पैसा रेल्वेपर्यंत पोहोचेल, असा फतवा भारतीय उलमा देत आले आहेत. विजेच्या बाबतीत तिकीट फाडण्याची सोय नाही. कार्यालयात जाऊन अधिकृत जोडणीसाठी अर्ज करणे आणि मागील वापराचा जो हिशेब निघेल तो भरणे, हाच सरळ मार्ग आहे. त्यात नामुष्की आहे खरी, पण ती चार माणसांसमोरची नामुष्की आहे.

मोफत म्हणजे बिनमोल नव्हे

आपल्या शेतकरी बांधवांपैकी अनेकांना आता शेतीचे बिल येत नाही. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्यात आली आहे. ही वीज वापरणे निःसंशय हलाल आहे. पण बिल येत नाही याचा अर्थ कोणीच पैसे देत नाही, असा नाही. ते राज्याच्या तिजोरीतून दिले जातात. इस्लामी परंपरेत अशा तिजोरीला बैतुलमाल म्हणत आणि तिच्या बाबतीतील सावधगिरी किती टोकाची होती, हे हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्या चरित्रात सांगितले जाते. शासकीय कामासाठी बैतुलमालच्या तेलाचा दिवा जळत असे. बोलणे घरगुती विषयाकडे वळले की ते तो विझवून स्वतःच्या तेलाचा दिवा लावत. फरक काही थेंब तेलाचाच असेल.

मळ्यात या प्रश्नाचे रूप अगदी साधे असते. शेतीला तीन फेज वीज ठरावीक आठ तास मिळते; कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की बिबट्या, साप आणि थंडी यांच्या धाकात उठून बारे द्यावे लागते. म्हणून अनेकांनी मोटारीला ऑटोस्विच बसवला आहे. वीज आली की मोटार आपोआप सुरू. शेतकरी घरी झोपलेला असतो आणि भरलेल्या वाफ्यातून पाणी बांधावरून ओढ्याला लागलेले असते. हा इस्राफ आहे. वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानासुद्धा अपव्यय करू नये, अशी शिकवण देणारी रिवायत इब्ने माजात आहे. तिच्या सनदीबद्दल मुहद्दिसांनी चर्चा केली आहे, परंतु तिचा आशय सूरह अल-आराफच्या 31 व्या आयतीतील अपव्ययाच्या मनाईशी जुळणारा आहे. स्वतः प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण दोन ओंजळींएवढ्या मापात, वुजू करीत, हे तर बुखारी व मुस्लिममध्येच आहे.

ऑटोस्विचचा दुसरा दोष इस्राफहून मोठा आहे. वीज येताच एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक प्रवाह खेचते. डीपीवर एकदम भार येतो आणि ती जळते. मग संपूर्ण वस्ती चार-आठ दिवस अंधारात. कांद्याची पात माना टाकते. ज्याच्या घरी ऑटोस्विच नाही त्याचेही रोप सुकते. कोणाला इजा पोहोचवू नये आणि इजेला इजेने उत्तर देऊ नये, हा प्रेषितांच्या एका हदीसमधून आलेला नियम फिक्हच्या पायाभूत नियमांत गणला जातो. सर्वांनी लावला आहे, मग मी एकट्याने का काढू, या सबबीला त्या नियमात जागा नाही. वस्तीवरील पाच-सात शेतकरी एकत्र बसून मोटारी सुरू करण्याचा क्रम ठरवू शकतात, प्रत्येक मोटारीला कपॅसिटर बसवू शकतात. बसण्यासाठी मशिदीचा ओटा आहेच.

सूर्य सर्वांचा, विहीर मात्र मोजकी

कुरआनने सूर्याला ‘सिराज’ म्हटले आहे. म्हणजे स्वतः तेवणारा दिवा. सूरह नूह आणि सूरह अन-नबा या दोन्हींत हा शब्द येतो. या दिव्याचे तेल कोणाला आणावे लागत नाही. सटाण्याकडून ताहाराबाद, पिंपळनेर ओलांडून साक्री तालुक्यात गेले की शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. 2013 पासून तो चालू आहे. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. मोठ्या प्रकल्पांचे हे तंत्र आता विहिरीच्या काठापर्यंत आले आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरपर्यंत 3, पाच एकरपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्तीचा पंप मिळतो. रात्रीचे बारे सुटते, ही काही लहान नेमत नाही. इशाची नमाज जमाअतीने पढून रात्री निवांत झोपावे आणि फजरला उठावे, हे कित्येक शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे जमलेले नाही.

परंतु येथेच एक नवी कसोटी उभी राहते आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. पूर्वी पंपाला लगाम होता. विजेच्या वेळेचा आणि बिलाचा. सौरपंपाला दोन्ही नाहीत. ऊन आहे तोवर पंप चालतो, एक पैसाही खर्च होत नाही, आणि म्हणून तो चालतच राहतो. सूर्य दुसऱ्या दिवशी तितकाच उगवतो. विहिरीचे पाणी मात्र तितकेच भरून येत नाही. गिरणेच्या काठापासून दूर, खडकाळ भागातील विहिरी मार्चमध्येच तळ गाठतात. एकाने बोअर खोल नेले की शेजाऱ्याची विहीर आटते.

फुकहांनी यावर एका वेगळ्या संदर्भात विचार केला आहे. पडीक जमिनीत खोदलेल्या विहिरीभोवती दुसऱ्याने विहीर खोदू नये म्हणून एक राखीव वर्तुळ असते. त्याला ‘हरीम’ म्हणतात. जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी ते चाळीस हात आहे. उंटाकरवी पाणी उपसल्या जाणाऱ्या सिंचनाच्या विहिरीसाठी इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी साठ हात सांगितले आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते तेथेही चाळीसच. मापे त्या काळच्या उपशाची आहेत. हेतू मात्र स्पष्ट आहे: एकाच्या उपशाने दुसऱ्याचे पाणी तुटू नये. महाराष्ट्रात 1993 च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध आणले, त्यामागेही हाच विचार आहे. चाळीस हातांची उंटाची विहीर आणि पाचशे फूट खोल बोअरमधला सौरपंप यांत जे अंतर पडले आहे, त्याच्या प्रमाणात आपली जबाबदारीही वाढली आहे.

हजरत जुबैर (रजि.) यांचा प्रसंगही येथे आठवतो. मदीनेजवळच्या हर्रामधील ओहोळाच्या पाण्यावरून त्यांचा एका अन्सारी शेजाऱ्याशी वाद झाला. जुबैर यांचे शेत वरच्या बाजूला होते, म्हणून पहिला हक्क त्यांचा. तरीही प्रेषितांनी त्यांना आधी एवढेच सुचवले, की आपले शेत भिजवा आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडा. शेजाऱ्याने पक्षपाताचा आरोप केल्यावर पूर्ण हक्काचा निवाडा झाला, तोही बांधापर्यंत पाणी पोहोचेस्तोवरच. म्हणजे पहिल्या हक्काचीही सीमा बांधच. चणकापूरच्या आवर्तनावर भांडणाऱ्या आपल्या गावांना हा प्रसंग कोणत्याही खुलाशाशिवाय कळावा.

मशिदीचा दिवा

मस्जिदे नबवीत पहिल्यांदा दिवे लावण्याचे श्रेय हजरत तमीम दारी (रजि.) यांना दिले जाते. ते शामकडचे, आधी ख्रिस्ती होते, हिजरी 9 मध्ये इस्लाममध्ये आले. मशिदीत दिवा लावणे पुण्याचे, पण किती वेळ? फतावा आलमगिरीत, म्हणजे औरंगजेबाच्या काळात आपल्याच देशात संकलित झालेल्या ग्रंथात, यावर चर्चा आहे. मशिदीचा दिवा मगरिबपासून इशापर्यंत ठेवण्यास हरकत नाही. रात्रभर मात्र तो जळत ठेवू नये. अपवाद जेथे तशी रूढीच आहे, जसे बैतुल मकदिस, मस्जिदे नबवी, किंवा वक्फ करणाऱ्याने तशी अट घातली असेल. तेलाचा तो हिशेब आजच्या पंख्यांना जसाच्या तसा लागू होतो.

करून पाहू. मशिदीत 24 पंखे आहेत, प्रत्येकी 75 वॅटचे. सगळे चालू असताना तासाला 1.8 युनिट. रमजानात इशा व तरावीहच्या दोन तासांत 3.6 युनिट जातात; ही वीज इबादतीसाठी आहे, तिच्याविषयी कोणाची तक्रार नाही. पण जोहरनंतर पंखे बंद न करता असरपर्यंत तीन तास रिकाम्या सफांवर फिरत राहिले, तर 5.4 युनिट. तरावीहपेक्षा दीडपट वीज कोणीही नसताना खर्च झाली, आणि ती चंद्याच्या पैशातून! मुतवल्ली हा वक्फच्या मालाचा मालक नाही, अमीन आहे. नव्या धर्तीचे बीएलडीसी पंखे सुमारे 30 वॅटवर चालतात; जुने बिघडतील तसे हे बसवीत जावे. पण बटण बंद करण्याला एक रुपयाही लागत नाही.

2016 मध्ये मोरोक्कोने शेकडो मशिदींवर सौरपॅनेल बसवण्याचा कार्यक्रम जाहीर केला होता. जकार्ताच्या प्रसिद्ध इस्तिकलाल मशिदीवरही पॅनेल आहेत. आपल्या तालुक्यातील मशिदींनाही हे अशक्य नाही. अडचण एकच: मशिदीचा अधिक वापर फजर, इशा आणि तरावीहला, म्हणजे सूर्य नसताना. ही अडचण नेट मीटरिंगने सुटते. दिवसा तयार झालेली जादा वीज तारेत जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट धरावेत. हिवाळ्यातील फजरच्या गरम पाण्यासाठी तर सौर बंब उत्तम, कारण आदल्या दिवसाचे ऊन त्याच्या टाकीत पहाटेपर्यंत टिकते.

मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य चालू राहते, त्या तीन गोष्टींत सहीह मुस्लिमच्या हदीसने सदकए जारियाचा उल्लेख केला आहे. आईवडिलांच्या इसाले सवाबसाठी डेगी शिजवणाऱ्यांनी एखाद्या पॅनेलचाही विचार करावा. पॅनेल पंचवीस वर्षे वीज देते. डेग एका दुपारी संपते.

घरासाठी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. हे अनुदान घेणे जायज आहे. उरलेल्या रकमेसाठी बँक कर्ज देऊ करते आणि तेथे थांबावे लागते. व्याजदर कमी आहे म्हणून व्याज हे व्याजच राहते. सूरह अल-बकराच्या 278-279 या आयतींतील इशारा दराची टक्केवारी पाहून दिलेला नाही. अंधारात बसण्याची पाळी नसताना केवळ बिल वाचवण्यासाठी व्याजी कर्ज काढणे ही मजबुरी ठरत नाही. घरात एक किलोवॅटवर भागत असेल तर एकाने सुरुवात करावी. आपल्या बायका भिशी चालवतातच. दर महिन्याला ठरलेली रक्कम, व्याज नाही, सोडत नाही तर गरजेनुसार क्रम, अशी दहा घरांची भिशी सौरपॅनेलसाठी का असू नये? आणि लेनदेन लिहून ठेवण्याची आज्ञा त्याच सूरहच्या 282 व्या आयतीत आहे, म्हणून वहीत प्रत्येक हप्ता दोन साक्षीदारांसह नोंदवावा. नात्यातला मामला आहे, लिहायचे कशाला, या संकोचातच बहुतेक भांडणे जन्मतात.

राहिला मोबाईलचा मसला, जो एतिकाफच्या दिवसांत हटकून निघतो. मशिदीच्या दिव्यावर किताब वाचावी की नाही, याचीही चर्चा फतावा आलमगिरीत आहे: नमाजसाठी लावलेल्या दिव्याच्या उजेडात वाचायला हरकत नाही, नमाजींची वेळ संपल्यावर रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शापर्यंतही नाही, त्यापुढे मात्र नाही. त्यावरून माझे मत असे, की मोतकिफने घरच्यांशी आवश्यक संपर्कासाठी फोन चार्ज करावा, पण पॉवर बँक, इअरफोन आणि मित्राचाही फोन मशिदीच्या बोर्डाला लटकवू नये. मशिदीत राहणाऱ्याला वीज वापरण्याची मुभा रूढीने आहे, तेवढीच. मन साशंक असेल तर एतिकाफ सुटताना चंद्याच्या पेटीत दहा-वीस रुपये टाकून घरी जावे.